दाराचा रकाना

प्रिय पक्कड,

पत्र बघून दचकू नकोस, पोरी. माझी तब्येत ठणठणीत आहे, एक गुडघा सोडला तर, आणि तो माझं कधी ऐकत होता म्हणून आता ऐकेल. हाताशी फोन असताना हा माणूस कागद काय खरडत बसलाय, असं तुला वाटेल. पण फोनवर मला बिघाडाखेरीज दुसरं काही बोलता येत नाही, हे गेल्या दीड वर्षात तुझ्या लक्षात आलं असेलच. तू विचारतेस कसे आहात, मी म्हणतो बरा आहे, की झालं, गाडी तिथेच अडते. तर हे पत्रही त्या यंत्राबद्दलच आहे. तू सिनेमे लावायला जे नवीन मशीन मागवणार आहेस ना, आत पंखा असलेलं, ज्याच्या दुरुस्तीला कंपनीचा माणूस घरी येतो, ते मागवू नकोस. मागवलं असशील तर रद्द कर. का ते सांगतो, पण जरा माझ्या चालीनं येऊ दे मला.

जुनं मशीन तू आईसाठी बनवलंस. तिच्या अर्धशिशीपुढे घरात कशाचीही घरघर चालत नसे. फ्रीज सुरू झाला तरी ती कपाळ धरायची. आणि मी जन्मभर पत्रा ठोकून ठोकून कानांनी अर्धा झालेला, मला शेजारच्यांचं भांडणसुद्धा ऐकू यायचं नाही, म्हणजे करमणूकही बुडाली. तिला दुपारी मोठ्या पडद्यावर जुने सिनेमे हवे असायचे, पण कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज नको. तेव्हा तू तो बुटाच्या खोक्याएवढा डबा आणलास आणि त्यात बिनपंख्याचं ग्राफिक्स कार्ड बसवलंस. पडद्यावर चित्र धाडायचं काम त्या कार्डाचं, आणि ते तापलं की निववायला नुसत्या धातूच्या पातळ पट्ट्या नि तांब्याच्या दोन नळ्या. मी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, याला वारा कोण घालणार? तू म्हणालीस, गरम हवा आपोआप वर जाते बाबा, तिला फक्त वाट मोकळी ठेवायची. ऑफिसांच्या नि इस्पितळांच्या छतांतून हवेचे पत्र्याचे डक्ट ओढण्यात पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे समजावून सांगत होती कोण, तर त्याचीच पक्कड हातात घेऊन लहानाची मोठी झालेली तू. आई हसून हसून बेजार झाली होती.

टीव्हीखालचं बुटकं कपाट मात्र माझ्या हातचं. त्याचं दार मी बिजागरीत किंचित तिरकं बसवलं, म्हणून ते सोडलं की आपलं आपण मिटतं. त्यावरून आई मला येताजाता टोचायची, की गावभरच्या हवेला वाट करून देतो आणि घरातलं एक दार धड बसवता येत नाही. डबा त्या कपाटात ठेवताना तू तिला बजावलं होतंस, चालू असताना दार उघडं हवं. तिनं कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा दाराखाली खोचून ठेवला. चार वर्षं तो तिथेच होता, आणि चार वर्षांत मशीननं एकदाही कुरकुर केली नाही.

ती गेली, तू महिनाभर राहिलीस, घर लावून दिलंस आणि कामावर परत गेलीस. जायलाच हवं होतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं आणि आजही नाही. तू रविवारी फोन करायचीस. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, दाराला कडी लावून झोपता ना. तिन्हीला मी हो म्हणायचो आणि फोन संपायचा. तीन मिनिटं, फार तर चार. मग पुढचा रविवार येईपर्यंत मी घरात माझा आवाज ऐकलाय असं झालं नाही. एकदा दूधवाल्याशी बोलताना घसा असा बसलेला निघाला की तो म्हणाला, काका, डॉक्टरला दाखवा.

मग एका रविवारी जेवण झाल्यावर मी आईचा तो आवडता सिनेमा लावला, एकटी म्हातारी आणि तिचं डोंगरावरचं घर असलेला. चाळीस मिनिटांनी पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि सगळं काळं. मी घाबरून तुला फोन केला. त्या दिवशी तू सव्वा तास बोललीस. मला झाकण उघडायला लावलंस, पट्ट्यांवरची धूळ ब्रशनं काढायला लावलीस, आणि कार्ड निवेपर्यंत थांबायला सांगितलंस. ते निवायला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात तू तुझ्या घरमालकिणीच्या गमती सांगितल्यास, ऑफिसातला तो सगळ्यांचा जेवणाचा डबा चाखत फिरणारा माणूस सांगितलास, आणि आईसारखं डोकं दुखतंय म्हणून तपासून आलीस, तेही सांगितलंस. तपासणीत काही निघालं नाही हे आधी सांगायचं असतं, पण ते असो. फोन ठेवला तेव्हा माझा कान गरम झाला होता आणि मी हसत होतो.

पुढे तू किती खटपट केलीस ते मी विसरलेलो नाही. उष्णता ओढणारी पेस्ट पाठवलीस, ती मी चष्मा नाकावर ओढून लावली. पट्ट्या उभ्या राहाव्यात म्हणून डबा आडवा होता तो उभा करायला लावलास. मला वहीत रकाने आखायला सांगितलेस, दर दहा मिनिटांनी तापमान लिहायचं. एकसष्ट, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याण्णव, की रेघा. रजा काढून दोन दिवस आलीस. डबा टेबलावर काढून त्याच्यासमोर ठाण मांडून बसलीस, तर दोन्ही दिवस तो अगदी शहाण्या मुलासारखा वागला. तू हैराण झालीस. निघताना कार्ड बॅगेत घालून नेलंस आणि दुसरं पाठवलंस, जास्त पट्ट्यांचं. तेही पहिल्याच रविवारी बंद पडलं. तू फोनवर एकदा सरळ विचारलंस, बाबा, कपाटाचं दार उघडं असतं ना? मी म्हणालो, हो.

गेल्या रविवारी तू आधी चिडलीस आणि मग रडलीस. म्हणालीस, आईसाठी आयुष्यात एक वस्तू स्वतःच्या हातानं केली, तीही मला धड करता आली नाही. आता विकतचं आणू या, म्हणजे तुम्हाला दर रविवारी मला फोन करायचा त्रास नको. मी त्यावर काय बोललो आठवतंय? मी म्हणालो, बरं. लाज वाटायला हवी होती मला, आणि वाटतेही आहे. सोमवारपासून हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तर ऐक. तुझ्या मशीनमध्ये काही खोट नाही, कधीच नव्हती. आई गेल्यावर मी पहिल्यांदा स्वतःचे कपडे वाळत घातले, एक चिमटा कमी पडला, म्हणून तो दाराखालचा काढला. दार मिटलं. त्या पहिल्या रविवारी मला खरंच काही कळलं नव्हतं, एवढा विश्वास ठेव. पण संध्याकाळी कपाटाला हात लावला, फळी तापली होती, आणि पस्तीस वर्षांच्या डक्टवाल्याला तेवढं पुरतं. दार उघडलं, मशीन सुरळीत चाललं. पुढच्या रविवारी बिघाड नव्हता. तुझा फोन आला आणि तीन मिनिटांत संपला. त्याच्या पुढच्या रविवारी मी सिनेमा लावला आणि दार माझ्या हातानं मिटलं. तेव्हापासून दर रविवारी मिटतोय. वहीतला एकही आकडा मी खोटा लिहिला नाही, पण दाराचा रकाना तू आखायला सांगितला नव्हतास आणि मी आखला नाही. तुझी रजा, ती दोन कार्डं, तुझं रडणं, सगळं माझ्यामुळे. मला तू माझ्याशी बोलायला हवी होतीस आणि मागता येत नव्हतं, म्हणून मी तुझ्या आईच्या वस्तूला दीड वर्ष कोंडून मारत बसलो. चिडलीस तर चीड, तो तुझा हक्क आहे. आज मी दोरीवरून एक चिमटा काढून दाराखाली खोचला आणि सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. आईबरोबर बघताना मी नेहमी मध्येच घोरायचो, त्यामुळे शेवट मला माहीत नव्हता. ती म्हातारी घर विकत नाही. सिनेमा संपल्यावर मी बराच वेळ फोनकडे बघत बसलो, आणि तो वाजायला काही कारण नव्हतं. म्हणून लिहितोय. रविवारी फोन कर. बिघाड काही नसेल. तरी कर.

तुझाच,
बाबा

ता. क. आजचे आकडे. दहा मिनिटं, पंचावन्न. तीस मिनिटं, चौसष्ट. एक तास, सहासष्ट. शेवटी, सहासष्ट. दार, उघडं.