माबिया हसली तो फोटो

कुतुपालोंग निर्वासित छावणी

आदरणीय बुबू,

सलाम. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि पेनांगची तुझी ती भांडखोर शेजारीण, तिघांचीही खुशाली कळव. आम्ही अल्लाच्या कृपेने ठीक. (फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता मध्ये बोलून दाखव!)

तर आमच्याच छावणीतली हुमायरा नावाची पोरगी हल्ली लोकांचे फोटो काढते. याआधी बाहेरून फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांनी मला दोनदा खाली बघायला लावलं होतं, म्हणजे मी दुःखी दिसेन म्हणे. (खाली बघितलं तर चप्पल तुटलेली. मग खरंच दुःख झालं.) हुमायरा मात्र म्हणाली, "चाचा, तुम्हाला जसं दिसायचंय तसे बसा." आली का पंचाईत! मला दिसायचं होतं गावी मायू नदीवर होडी हाकायचो तसं, पण तेव्हा दाढी काळी होती. म्हणून मेंदी थापली, आणि नेमकं तेव्हाच गॅसच्या रांगेत जावं लागलं. तिथे हिल्सा मासा तळावा की रश्शात टाकावा यावरून पुढच्या माणसाशी जुंपली. (चूक त्याची होती.) परत येईपर्यंत दाढीचं गाजर झालेलं. घासली, राख चोळली, तर आणखीच चमकायला लागली.

शेवटी इमामसाहेबांचा कोट मागून आणला आणि ताठ बसलो. हुमायराने नाव विचारलं, मी सवयीने छावणीच्या कार्डावरचा कुटुंबाचा नंबर सांगितला. गावी घरोघरच्या माणसांच्या मोजणीच्या वेळी शिपाई छातीशी पाटी धरायला लावून फोटो काढायचे, आठवतं ना? माझे हात आपोआप छातीशी गेले. हुमायराने कॅमेरा खाली घेतला. "नंबर नको, चाचा. नाव." सोना मिया, असं सांगताना आवाज का चिरकला कोण जाणे. (कोट गळ्याशी आवळत होता.)

शेजारी तुझी भावजय माबिया, गालांना थानाकाच्या सालीचा पिवळा लेप लावून राणीसारखी बसलेली. ती माझ्या हातांकडेच बघत होती. मला वाटलं, आता रडते. तर म्हणाली, "अहो, हात खाली घ्या. दाढीला लागलेली आग विझवताय का?" आणि स्वतःच खदखदून हसली. बुबू, तोंडावर पदर न घेता तिला हसताना मी इथे आल्यापासून पाहिलं नव्हतं. पोरीने नेमका तोच फोटो काढला. मी आधी भांडलो, मग फोटो बघितला आणि तुझ्यासाठी एक प्रत मागून घेतली. आता तो सभेच्या झोपडीत भिंतीवर लागलाय, खाली दोघांची नावं. माबिया रोज पाणी भरायला त्याच वाटेने जाते. (नळ उलट्या दिशेला आहे.)

दाजींना सलाम, पोरांना दुवा.

तुझा धाकटा,
सोना मिया

ता. क. फोटोची प्रत सोबत आहे. दाजी हसले तर हसू दे.

आणखी एक ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. आईचा एकही फोटो आपल्याकडे उरला नाही, आणि हल्ली तिचा चेहरा मला नीट आठवत नाही. तू हुबेहूब तिच्यासारखी, असं सगळं गाव म्हणायचं. तुझा एक फोटो पाठव, सरळ समोर बघणारा. म्हातारी दिसते म्हणून टाळू नकोस. मला म्हातारीच हवी आहे.