खोली क्रमांक अकरामधील विनापरवाना खोरे

प्रति,
मा. अधीक्षक,
गिरिजा मराठी विद्यार्थिनी वसतिगृह,
मुनिरका, नवी दिल्ली.

विषय : खोली क्र. ११ मध्ये विनापरवाना खोरे निर्माण केल्याच्या आरोपाबाबत खुलासा.
संदर्भ : आपली नोटीस, दि. ११ ऑगस्ट २०२५.

महोदय,

१. अर्जदार कु. अबोली दुसाने ही भूगर्भशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी आहे. जमिनीतील मोठ्या भेगांमुळे लगतची खोरी कशी घडतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय आहे. मात्र प्रात्यक्षिकासाठी तिने खोलीतच खोरे तयार केले, हे आपले म्हणणे तिला मान्य नाही.

२. शेजारच्या प्लॉटवर तळघर खोदू लागल्यावर तळमजल्यावरील या खोलीच्या फरशीला दारापासून खिडकीपर्यंत भेग पडली. जूनमध्ये भेगेपलीकडचा भाग चार बोटे खचला. तिथे अर्जदाराची सहनिवासी कु. कुमुदिनी गावित हिची खाट आहे. तेव्हापासून कूलरचे पाणी, पेने, बटाटे सर्व काही घरंगळत कुमुदिनीच्या खाटेखाली जमते. हे कळवले असता केअरटेकर श्री. जयदीप यांनी रजिस्टर चाळून सांगितले, "क्रॅक की एंट्री है मॅडम, गड्ढे की नहीं है."

३. खड्डा हा वेगळा प्रकार नसून भेग सरकेल तसा तो घडतो, आणि त्यात भर टाकल्यास वजनाने आणखी खचतो, असे अर्जदाराने त्यांना परोपरीने सांगितले. तरीही तीनदा सिमेंट ओतण्यात आले. आता तो भाग सव्वा फूट खाली आहे.

४. दि. १ ऑगस्ट रोजी पाहणी समिती आली. तिन्ही सदस्यांच्या चाकांच्या खुर्च्या चहासह हळूहळू भेगेला जाऊन टेकल्या. तशा अवस्थेत समितीने "फरशी समतल, खोली तिरकी" असा अहवाल लिहिला. खचलेल्या भागास तळघर ठरवून ११-अ हा क्रमांक दिला आणि तिथे कु. अलकनंदा या नव्या विद्यार्थिनीला प्रवेशही दिला.

५. कुमुदिनीची यूपीएससी मुख्य परीक्षा आठ दिवसांवर आहे. खाली दोन खाटा आणि घोटाभर पाणी असल्याने ती अर्जदाराच्या खाटेवर बसून वाचते. नोटिशीत यास "खोऱ्यातील रहिवाशाचे उंच भागात अनधिकृत स्थलांतर" म्हटले आहे. ते वाचून ती रडली. म्हणाली, "अबोली, मी पास झाले ना, तर सगळ्यात आधी हीच फाइल मागवेन. पण पास तर होऊ दे, यार."

६. सबब विनंती, की कुमुदिनी व अलकनंदा यांना पहिल्या मजल्यावरील रिकामी खोली आजच द्यावी. त्या बदल्यात अर्जदार सर्व दोष स्वतःवर घेऊन वसतिगृह सोडण्यास तयार आहे. मात्र "जाताना भेग सोबत न्यावी" ही नोटिशीतील आपली अट तिला पाळता येत नाही. भेगेचे दुसरे टोक तिने काल शोधून काढले. ते आपल्या कार्यालयात, आपल्या खुर्चीखाली आहे. ते न्यायचे झाल्यास आधी आपणास उठावे लागेल.

आपल्या वसतिगृहाची, तूर्तास उंच भागातील, नम्र रहिवासी,
(सही)
अबोली दुसाने
दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत : १. भेगेचा नकाशा. २. कुमुदिनीच्या परीक्षा प्रवेशपत्राची प्रत (ओली).