शेवटचा पाय

नैरोबी, २ मे १९७९

ती. स्योकाऊताईस सा. न. वि. वि.

पुस्तक छापून आलं. आपल्या पोरांच्या खेळगाण्यांना इथले प्राध्यापक आता कविता म्हणतात. सर्वांत गाजलं ते आपल्या अंगणातलं:

मुन्यीवा, मुन्यीवा, दूध कुठे गेलं?
वाकड्या पायानं अंगणाला पाजलं.

रेडिओवरही लागलं. तुझ्या लेकीला सांग, मावशीनं तिचं नाव देशभर नेलं.

डॉक्टर म्हणाले, आता मूल होण्याची आशा नको. पुस्तक तेवढं जगलं. हे तुझ्यापाशीच राहू दे.

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
कवाता

किटुई, २० मे

चि. कवातास अ. उ. आ.

वाचून रडले. कुणाला सांगणार नाही.

पण तू खेळ विसरलीस का? पाय पसरून बसायचं, मोजत एकेक पाय बाद करायचा. शेवटी ज्याचा पाय उरेल त्याचं नाव गाण्यात. पुढच्या डावाला नाव बदलतं. तू टिपून घेतलंस तेव्हा मुन्यीवावर डाव होता, एवढंच. आता पोरं म्हणतात, रेडिओतलं नाव बदलत नसतं. मुन्यीवा पाण्याला नदीवर जात नाही. शाळाही सुटली. पाय पोत्याखाली झाकून बसते. पुढच्या छपाईत तिचं नाव काढून टाक. एवढं मागते.

तुझी ताई

नैरोबी, ११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

नाव काढलं तर ओळ लंगडते. खरा वाकडा पाय आहे, म्हणून तर गाण्याला धार आहे. चिडवणं हाच त्याचा प्राण. आपण नाही का सोसलं? पोरीला इतकं हळवं करू नकोस.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे पाहुणे घेऊन येते. मुन्यीवाला मध्ये बसव. त्यांना ती बघायचीच आहे.

रागावलीस तरी माया ठेव.
कवाता

किटुई, १ जुलै

चि. कवातास अ. उ. आ.

तुझं पत्र मुन्यीवाला वाचून दाखवलं. तिनं आधीची पत्रंही मागितली. मी दिली.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन नदीवर गेली. वाळूत सगळ्यांत पाय पसरून बसली. शेवटी तिचाच पाय उरला. पोरं गायला लागली, तशी तिनं हात वर करून थांबवलं आणि नवं शिकवलं:

कवाता, कवाता, झोळीत काय?
पुस्तक रडतंय, दूध पीत नाय.

संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठावरही पोचलं. मुन्यीवा पुन्हा शाळेत जाते. पोरं तिला डावाला आधी बोलावतात.

नाव कसं चपखल बसलंय बघ. ओळ कुठे लंगडत नाही.

पाहुण्यांना घेऊन ये. मध्ये तुलाच बसवू. माया आहे तशीच आहे.

तुझी ताई