मिठाचं कोमट पाणी

दुर्गापुरा, जयपूर
१४ डिसेंबर २००५

ती. जयंतीवन्सं यांना,
कीर्तीचा सा. न.

तुम्ही सांगलीला सुखरूप पोचल्याचं कळलं. इथे थंडी कडक पडलीय. तुमचं मेतकूट पुरवून पुरवून खातोय. यांच्या नाकाचं विचारलंत. बरं आहे, असं लिहायला बसले होते, पण लिहवत नाही.

काल संध्याकाळी भाजी घेऊन आले, तर जिन्यातच गॅसचा वास. दूध उतू जाऊन शेगडी विझलेली, आणि शेजारीच देव्हाऱ्यापुढे हे निरांजन लावायला उभे, काडी हातात. मी ती हिसकावली, खिडक्या उघडल्या. वास केवढा येतोय म्हटलं, तर हे "कसला वास?" म्हणाले. तनया आतल्या खोलीत अभ्यास करत होती.

आज ओढतच डॉक्टरांकडे नेलं. दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, "अंदर तो सब चिपक गया है जी. नमक के पानी से धोया नहीं क्या?" सायनसच्या ऑपरेशननंतर आत खपल्या धरतात. त्या रोज धुवायच्या, बोलावतील तेव्हा साफ करून घ्यायच्या, नाहीतर ओल्या जखमा एकमेकींना चिकटतात आणि वाट बुजते, वासाचीसुद्धा. हे त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. मी रोज बाटली भरून बाथरूममध्ये ठेवायची. हे ओतून द्यायचे. साफ करायलाही गेले नाहीत, बँकेतून परस्पर जाऊन आलो म्हणायचे. डॉक्टरांसमोर खाली मान घालून म्हणाले, "ताई म्हणाली, ओल्या जखमेला पाणी लावू नये, त्यात मीठ तर नकोच." तुम्ही नाकात सोडायचात त्या साजूक तुपाच्या थेंबांवर यांनी भागवलं.

तुमचा राग आला, नाही कशाला म्हणू? पण सासूबाईंमागे तुम्हीच यांना वाढवलंत. खरचटलेला प्रत्येक गुडघा तुम्ही कोरडा ठेवून बरा केलात. यांचा विश्वास तुमच्यावर आहे, माझ्यावर नाही.

पुढच्या महिन्यात चिकटलेली जागा पुन्हा मोकळी करायची आहे. वास परत येईलच, असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुम्ही या. तूप आणू नका. पाणी मी कोमट करीन, मीठ मी घालीन. बाटली मात्र तुमच्या हाताने द्या आणि धुऊन होईपर्यंत तिथेच उभ्या राहा. तुमच्यादेखत हे ओतून देणार नाहीत.

तोवर काडेपेटी आणि लायटर माझ्या पर्समध्ये. मी घरात नसेन तेव्हा देव अंधारात बसतील.

वाट बघणारी,
कीर्ती