आत्याचं आजारपण

आळशी बंधुराजांस,
ताईचा आशीर्वाद, नाइलाजाने.

मी ठणठणीत आहे. मुद्दाम कळवते, कारण तुझ्या लेकीच्या शाळेत तू मला या महिन्यात तीनदा मरणाच्या दारात नेलंस, असं तिच्या बाईंनी लिहिलंय. "आत्या अत्यवस्थ असल्याने मुलगी येऊ शकली नाही." अरे, आत्या इथे हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात रोज सहाच्या ठोक्याला चादरींच्या ढिगापुढे उभी असते. तुला मात्र नऊ वाजले तरी अंथरूण सुटत नाही, आणि शाळा बुडते पोरीची.

वर बाईंनी माझा पत्ता मागितला, तर तोही दिलास! धन्य आहे तुझी. थाप मारायची तरी अक्कल हवी होती.

आईचा गुडघा कसा आहे? पोरीचे पाढे कुठवर आले? की तेही अंथरुणातच आहेत?

बाईंनी वर्गाकडून माझ्यासाठी भेटकार्ड करून घेऊन पाठवलंय. "आत्या, लवकर बऱ्या व्हा." खाली एकतीस मुलांची नावं, वेड्यावाकड्या अक्षरांत. मी दोनदा शोधलं. आपल्या पोरीचं नाव नाही.

त्या दिवशीही ती गैरहजर होती.

तुझी,
अजून धडधाकट असलेली ताई