दुसऱ्या बेसवर आऊट

६ नोव्हेंबर, गुरुवार

केलं! केलं! केलं! आज एकीला दुसऱ्या बेसवर आऊट केलं! सॉफ्टबॉलचा सराव सामना होता, पण आऊट ते आऊट. पिचरने बॉल टाकला, पहिल्या बेसवरची पोरगी चोरून दुसऱ्याकडे पळाली, बॉल माझ्या, म्हणजे कॅचरच्या, ग्लोव्हमध्ये आला, मी उठले आणि फेकला. पुढचं धुळीत नीट दिसलंच नाही. दुसऱ्या बेसवर आमची अफीफा असते. तिने बॉल घेऊन त्या पोरीच्या पायाला लावला आणि अंपायरचा हात वर!

आमचे कोच मनोज सर म्हणाले, "उन्नती, थ्रो बेसवर टाकायचा असतो, कामतघर नाक्यावर नाही." असू दे. झाली ना आऊट?

पुढच्या आठवड्यातल्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडणार आहेत. मला त्यात जायचंय. बस्स. दुसरं काही नको. नवा ड्रेससुद्धा नको (तो दिवाळीला मिळाला).

७ नोव्हेंबर

खांदा गेला कामातून. आई तेल चोळता चोळता — "हात मोडून घ्यायची भारी हौस हाय पोरीला!"

१० नोव्हेंबर, सोमवार

शोध लागला! कुणाला सांगणार नाही.

समोरच्या टीमचे सर पहिल्या बेसजवळ उभे राहून पळणारीला हळूच सांगतात, कधी पळायचं. आणि ते मला कळतं! आमच्या शेडमध्ये कापडाचे लूम चालू असले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. पप्पा, कारागीर, मी, सगळे ओठांवरूनच बोलतो. डबा आला, धागा तुटला, पप्पांच्या शिव्या — सगळं मी लहानपणापासून बघूनच समजते. आज सराव सामन्यात त्या सरांचे ओठ म्हणाले, "पुढच्या बॉलला पळ." मी मास्कच्या आत हसले. ती पळायच्या आधीच मी तयार! आऊट!

अफीफाला सांगितलं. (कुणाला नाही म्हणजे अफीफा सोडून.) ती म्हणाली, "चीटिंग नाय का ही?" डोळे उघडे ठेवणं चीटिंग कसं? मग म्हणते, "बरं. पन थ्रो तरी सरळ मार ना यार. कधी डोक्यावरून, कधी गुडघ्यात. मी काय धुळीत लोळायला येते?"

नाटकी आहे जरा.

१२ नोव्हेंबर

ओठ वाचायच्या नादात आज बॉलच सुटला! "पळ" दिसलं आणि मी बॉल यायच्या आधीच उभी! बॉल पायांमधून थेट मागच्या जाळीला. सर — "काय गं, बस आली का तुझी?" सर गेल्यावर अफीफा आणि मी पोट धरधरून हसलो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्पर्धा सुरू. पहिला सामना जिंकलो! जी पळाली ती आऊट! त्यांचे सर टीव्हीवर बातम्या दिल्यासारखे स्वच्छ बोलतात. देव त्यांचं भलं करो.

मांडवात निवड समितीचे तिघे बसलेत. प्रत्येक आऊटला माना डोलावतात. मीसुद्धा मास्कच्या आत डोलावते.

१६ नोव्हेंबर, रविवार

फायनल. आणि संकट — मिशी! त्यांच्या सरांना एवढी झुपकेदार मिशी की वरचा ओठ दिसतच नाही. खालच्या ओठावरून काय कप्पाळ कळणार? आणि पहिल्या बेसवर कोण, तर नेत्रा! ठाण्यात तिच्याइतकं जोरात कुणी पळत नाही म्हणतात. तिने माझ्याकडे बघून चक्क डोळा मारला!

पळाली. मी फेकला. हातातून निघाला तेव्हाच कळलं, हुकला, पार उजवीकडे. अफीफा आडवी झेपावली, बॉल घेतला आणि पडल्या पडल्या ग्लोव्ह नेत्राच्या बुटाला लावला. आऊट! नेत्रा पुढच्या वेळी आली, पुन्हा पळाली. बॉल वरून चालला होता, अफीफाने उडी मारून घेतला. आऊट! तिसऱ्यांदा तर थ्रो मध्येच टप्पा खाऊन भलतीकडे उडाला — तरी आऊट!

नेत्राला तीनदा! मी! तेही ओठ न वाचता, नुसत्या हाताच्या जोरावर! जिंकलो!

अफीफाचं कोपर सोलवटलंय. तिला माझ्या बाटलीतलं गार पाणी दिलं. रिक्षात दोघी घरापर्यंत बोंबलत आलो. रिक्षावाले चाचा म्हणाले, "शादी है क्या किसी की?" मी म्हटलं, उससे भी बडा!

माझी निवड होणार. लिहून ठेवते.

१७ नोव्हेंबर

अजून काही कळलं नाही. आई — "जालं का न्हाय तुजं?" होईल गं! बॅग काढून ठेवलीय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सरांचा फोन आला. निवड झाली. अफीफाची.

समिती म्हणाली म्हणे, "बॉल कुठेही येवो, ही मुलगी घेते." मी विचारलं, आणि मी? सर म्हणाले, "तुझ्यामुळेच तर दिसली ती, उन्नती."

खूप रडले. मग तोंड धुतलं. उद्या सकाळी मैदानावर जाते. तिला सराव लागणार. इतके वाकडे थ्रो मारणारी दुसरी तिला कुठे मिळणार?