चार नंबरच्या टाकीला हात लावणाऱ्याबद्दल

मी, व्हर्नन जोसेफ दुशेक, वय वर्षे शहात्तर, धंदा बिअर बनवणे, राहणार बर्च लँडिंग, राज्य विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र माझ्याच ब्रुअरीच्या पुढच्या हॉलमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही, आजवर कोणाला ते जमलेलंही नाही. सोमवारी माझ्या घशाचं दुसरं ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई धीर देताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघतात, म्हणून हे काम आजच उरकतो. यापूर्वीची माझी सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. तळ्याकाठचं राहतं घर, होडी आणि हरणाच्या शिकारीची बंदूक माझा एकुलता एक मुलगा कर्ट याला द्यावी. बंदूक त्याने कधी चालवलेली नाही आणि चालवेल असं वाटत नाही. कर्ट ब्रुअरीचे हिशेब बघतो, तेही ऑफिसचं दार लावून. त्याच्या अंगाला माल्टचा, मोड आणून भाजलेल्या बार्लीचा, वास आलेला मला आठवत नाही. मुलगा सरळ आहे, पण बिअरवाला नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे.

कलम २. हॉलच्या छताला नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग टांगलेले आहेत. त्यांतला पहिला माझी दिवंगत पत्नी आयलीन हिचा. तो कोणी खाली उतरवू नये. माझा मग त्याच्या शेजारी टांगावा. मधे जागा सोडू नये. जिवंतपणी ती बरीच सोडली गेली.

कलम ३. हार्लन टिबेट्स याला काहीही देऊ नये. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्राच्या साक्षीदाराने त्यातून काही न घेतलेलं बरं. म्हणून हार्लनलाच साक्षीदार केला आहे, म्हणजे शंका नको. हे लिहीत असताना तो समोर बसून माझ्याच बटाट्याच्या चकत्या खात आहे.

ही ब्रुअरी आम्ही दोघांनी मिळून काढली. पुढे कडवटपणासाठी हॉप्सची फुलं किती घालायची यावरून फाटलं आणि त्याने पुलापलीकडे स्वतःची ब्रुअरी थाटली. तेव्हापासून दर शुक्रवारी तो इथे तळलेले मासे खायला येतो आणि अमेरिकेत चांगली बिअर कुठली यावर वाद घालतो. सगळा हॉल मासे सोडून आमच्याकडे बघत बसतो.

"व्हर्न, तुझी बिअर म्हणजे पाण्याला चढवलेला रविवारचा कोट," हा म्हणणार. "बिअर प्यायची तर ऑरेगॉनची. कडू, जिभेला चावणारी. नाहीतर व्हरमाँटची गढूळ."

"गढूळ म्हणजे गाळायचा आळस," मी म्हणणार. "आणि तुझी पिण्यापेक्षा माणसानं ख्रिसमसचं झाड चावावं, स्वस्त पडेल."

"तुझी पिऊन माणूस फक्त मुतून येतो, गड्या. आठवण काही राहत नाही."

"तुझी पिऊन माणसाला एकच आठवण राहते, हार्लन मेला पाहिजे."

माझं मत मी इथे कायमचं नोंदवतो. या देशातली उत्तम बिअर म्हणजे आमच्या वाडवडिलांनी युरोपातल्या बोहेमियातून आणलेली स्वच्छ, फिकट लागर. तिच्यात चूक लपवायला जागा नसते. हार्लन माझ्या कुठल्याही बिअरला आजवर बरं म्हणालेला नाही, एकदाही नाही.

कलम ४. लागर थंडीत निवांत पिकते. चार नंबरच्या टाकीचं तापमान मी स्वतः लावतो. गेल्या वसंतापासून, म्हणजे माझा घसा कॅन्सरसाठी रेडिएशनच्या मशिनखाली शेकायला सुरुवात झाली तेव्हापासून, माझ्या मागे कोणीतरी ते वाढवत आहे. मी सगळ्यांना दमात घेऊन विचारलं. सगळे बूट बघत उभे राहिले. हे चोरटं काम आहे. यंदा हॉप्सही पुचाट आले आहेत, बिअर पूर्वीसारखी जिभेवर उमटत नाही, त्यात हा घरभेदी. तो जो कोणी असेल त्याला माझ्या मालमत्तेतलं काही, एक मगसुद्धा, मिळू नये.

कलम ५. ब्रुअरी. एका मोठ्या कंपनीला आमचं नाव आणि बिअरच्या डब्यावरचं चित्र विकत हवं आहे. बिअर ती आपल्या कारखान्यात बनवणार, दुसऱ्या राज्यात. नमुना म्हणून आमची लागर तिकडे बनवून तिने डबे पाठवले आहेत आणि कळवलं आहे की गावात कोणाला फरक कळणार नाही. कर्ट विकायच्या मागे लागला आहे. सबब, माझ्या मृत्यूनंतर सगळ्या टाक्या उघडून गटारात सोडाव्यात. माझ्या वडिलांपासून एका बॅचमधून दुसऱ्या बॅचमध्ये जिवंत ठेवलेलं यीस्ट त्यांच्याबरोबरच ओतून टाकावं. तांब्याची भांडी मोडीत द्यावीत. कंपनीला नुसतं रिकामं नाव मिळावं.

इथवर लिहिलं तोच कर्ट कंपनीचा करार हातात घेऊन आत आला आणि माझ्या खांद्यावरून वाचू लागला. पुढे जे झालं ते या मृत्युपत्राचाच भाग आहे, म्हणून लिहितो.

"बाबा, यीस्ट गटारात?" तो म्हणाला.

"तुला काय रे त्याचं? तुला नाव विकायचंय ना?"

"तुम्ही मला एकदा तरी विचारलंत का, का विकायचंय?"

"तुला आपली बिअर आणि त्यांची बिअर यांतला फरक तरी कळतो का? मग विचारू."

हार्लन चकत्या खायचा थांबला. मी बर्नडीनला हाक मारली. बर्नडीन क्राउस हॉल सांभाळते आणि या कागदाची दुसरी साक्षीदार आहे. तिला म्हटलं, तीन ग्लास लाव. आपली बिअर आणि कंपनीच्या डब्यातली: कोणत्याही दोनांत एक, उरलेल्यात दुसरी, बुडाला खूण. वेगळा ग्लास ओळखायचा. नवीन माणसाची जीभ आम्ही अशीच तपासतो. कर्टची कधी तपासली नव्हती.

"ओळखलास तर ब्रुअरी तुझी," मी म्हणालो, "विक नाहीतर ठेव. नाही ओळखलास तर कलम पाच तसंच राहील."

"नका ना, बाबा."

"घाबरलास?"

"हो," तो म्हणाला. "बरं. पण आधी तुम्ही."

मी तिन्ही ग्लास चाखले आणि सगळ्यांसमोर दुसरा पुढे ढकलला. "हा कंपनीचा. निव्वळ धुवण."

कर्टने तिन्हींचा नुसता वास घेतला. एक घोटही घेतला नाही. मग माझ्याकडे बघत अगदी हळू म्हणाला, "तिसरा."

बर्नडीनने ग्लास उचलून बूड दाखवलं. कंपनीची बिअर तिसऱ्यात होती. दुसऱ्यात माझी होती.

हार्लनने घसा खाकरला. "मीही दुसराच म्हणालो असतो, व्हर्न. फसवे ग्लास आहेत."

इतक्या वर्षांत हा माणूस बिअरच्या बाबतीत माझ्याशी एकदाही सहमत झालेला नव्हता. तेव्हा मला कळलं. हॉप्स पुचाट नव्हते.

"कधीपासून?" मी कर्टला विचारलं.

"घसा शेकल्यापासून. पहिल्याच बॅचला लोण्याचा वास होता, नीट न पिकलेल्या बिअरला येतो तो. तुम्ही ग्लास तोंडाला लावलात आणि म्हणालात, झकास."

"मग?"

"मग मी टाकी थोडी ऊबेला ठेवली. यीस्ट जागं झालं, लोणी खाऊन टाकलं. त्यानंतर प्रत्येक बॅच मी चाखतो, तुम्ही घरी गेलात की."

"तुला कोणी शिकवलं हे?"

"आपल्या घरात जेवताना दुसरं बोलणं कुठलं होतं, बाबा?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? व्हर्न दुशेकला चव कळत नाही, असं?" त्याने हातातला करार टेबलावर टाकला. "कंपनीनं घेतली असती तर लोक म्हणाले असते, कंपनीनं बिअर बिघडवली. तुम्हाला कोणी काही म्हणालं नसतं. एवढंच हवं होतं मला."

मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. डॉक्टरीणबाई असं का करतात ते मला कळलं. रडलो हेही लिहितो, कारण हार्लन ते गावभर सांगणारच आहे.

सबब, कलम ५ मी दोन्ही साक्षीदारांसमोर खोडलं आहे. कलम १ मधलं 'बिअरवाला नाही' हेही खोडलं आहे. कलम ४ खोडू का, असं बर्नडीनने विचारलं. खोड म्हटलं. त्याच्या जागी खालील कलम लिहीत आहे.

कलम ६. चार नंबरच्या टाकीला माझ्या मागे हात लावणारा सापडला आहे. ब्रुअरी, टाक्या, तांबं, नाव आणि यीस्ट, सगळं त्याचं. विकायचं की ठेवायचं हे त्याने ठरवावं. मी वर बसून कुरकुर करणार नाही. एकच अट: सोमवारनंतर मी शुद्धीवर आलो, तर टाकीला हात माझ्यादेखत लावावा. मला बघायचं आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, खाडाखोडीसह माझं म्हणून कबूल करतो.

व्हर्नन जोसेफ दुशेक

आमच्यासमोर त्यांनी सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली:

१. बर्नडीन क्राउस

२. हार्लन टिबेट्स. सही करताना खोटं बोलू नये म्हणून लिहितो: तिसरा ग्लास कंपनीचा आहे हे मला टेबलापलीकडून वासावरून कळलं होतं. व्हर्नची बिअर मी कुठेही ओळखीन. तिच्या तोडीची दुसरी या देशात मी प्यालेलो नाही. हे त्याने सोमवारनंतर वाचावं, म्हणजे भांडायला उठेल.

स्थळ: बर्च लँडिंग, विस्कॉन्सिन
दिनांक: १८ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार